नांगरलेला समुद्रतळ

इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याच्या पार्लमेंटपुढे १३७६ मध्ये मच्छीमारीसंबंधी एक तक्रार आली. खाड्यांमध्ये आणि बंदरांच्या आसपास मासळी भरपूर मिळायची, पण सात वर्षांपूर्वी काही जणांनी एक नवे जाळे आणले होते. त्याचे नाव ‘वंडरिशॉन’. घडण कालवे खरवडण्याच्या अवजारासारखी, लांबी तीन वाव आणि रुंदी दहा पावले भरेल इतकी. त्याची आस, म्हणजे विणीतली भोके, इतकी बारीक होती की एकदा आत शिरलेला मासा, कितीही लहान असला तरी, बाहेर पडत नसे. तक्रारदारांचे म्हणणे असे की हे जाळे पाण्याखालची सगळी हिरवळ उपटते, कालवे आणि शिंपल्यांची पिल्ले मारते, आणि बारकी मासळी एवढी वर आणते की तिचे करायचे काय हे न कळल्याने ती डुकरांना घालून त्यांना पुष्ट केले जाते. जाळ्यावर बंदी घालावी, अशी त्यांची मागणी होती. राजाने जाणकारांकरवी चौकशी करण्याचा हुकूम दिला.

साडेसहाशे वर्षांनंतरही या तक्रारीचा गाभा बदललेला नाही. वंडरिशॉनच्या वंशजाला आज ट्रॉल म्हणतात. ट्रॉल म्हणजे तळावरून ओढत न्यायचे पिशवीसारखे जाळे. त्याचे तोंड उघडे राहावे म्हणून आडवी तुळई लावतात, नाही तर दोन्ही बाजूंना जड फळ्या बांधतात. बोट पुढे निघाली की पाण्याच्या दाबाने त्या फळ्या एकमेकींपासून दूर सरतात. खालच्या कडेला अनेकदा साखळ्या असतात. लेपीसारखे तळाला चिकटून राहणारे मासे त्या साखळ्यांच्या घर्षणाने उठतात आणि पिशवीत जातात. त्यांच्याबरोबर प्रवाळ, स्पंज, शिंपले, पिल्ले, जे वाटेत येईल ते सगळे जाते. शेत नांगरले की त्यात कोणीतरी पेरतो. समुद्राचा तळ नांगरणारा पेरत काहीच नाही. शिवाय डोंगरावरचे जंगल तोडले तर गावाला दिसते, पण वीस वाव पाण्याखाली काय झाले हे बोटीवरच्या खलाशालाही दिसत नाही. त्यामुळे ट्रॉलविरुद्धच्या युरोपातल्या लढ्याचा मोठा भाग ही न दिसणारी गोष्ट लोकांसमोर आणण्यातच गेला.

एकोणिसाव्या शतकात गळाच्या दोऱ्या टाकून मासे धरणाऱ्यांनी ट्रॉलविरुद्ध पुन्हा आवाज उठवला. ब्रिटिश सरकारने १८६३ मध्ये आयोग नेमला. त्यात थॉमस हक्स्ली हे नामांकित जीवशास्त्रज्ञ होते. बंदरोबंदरी साक्षी झाल्या आणि १८६६ मध्ये अहवाल आला: समुद्रातील मासेमारीवरचे निर्बंध काढून टाकावेत. दोन वर्षांत तसा कायदाही झाला. पुढे १८८३ मध्ये लंडनच्या मासेमारी प्रदर्शनात हक्स्ली यांनी सांगितले की कॉड, हेरिंग, मॅकरेल यांसारख्या माशांची मोठी मासेमारी बहुधा कधीच न संपणारी आहे. त्या काळच्या मासेमारीच्या पद्धती गृहीत धरूनच ते हे बोलले होते. पण त्या पद्धती बदलायला सुरुवात झालेली होती. ग्रिम्सबी बंदरातून ‘झोडियाक’ हा वाफेवर चालणारा ट्रॉलर १८८१ मध्येच निघाला होता. आता वाऱ्याची वाट बघायची गरज उरली नव्हती, अवजड जाळी खोल पाण्यात ओढता येत होती, आणि बर्फ व रेल्वेमुळे मासळी दूरच्या शहरात ताजी पोहोचत होती.

दोरीवाल्या मच्छीमारांचे म्हणणे शास्त्रज्ञांनी बाजूला सारले होते. त्याला पुरावा दिला तो युद्धांनी. पहिल्या महायुद्धात उत्तर समुद्रातली मासेमारी बरीचशी थांबली. युद्ध संपल्यावर जाळी पडली तेव्हा मासे संख्येने जास्त होते आणि आकारानेही मोठे. दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा तेच दिसले, आणि दोन्ही वेळा काही वर्षांत ती पुंजी संपली. ब्रिटनच्या जुन्या नोंदी तपासून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या घसरणीचे माप काढले. १८८९ पासूनच्या ११८ वर्षांत ट्रॉलरच्या ताकदीच्या प्रत्येक एककामागे किनाऱ्यावर येणारी मासळी ९४ टक्क्यांनी घटली होती. वाफेचे आणि पुढे डिझेलचे इंजिन, रडार, तळाचा नकाशा दाखवणारी यंत्रे हे सगळे हाताशी असताना आजचा ट्रॉलर पणजोबांच्या बोटीच्या मानाने रिकाम्या पाण्यात फिरतो, असा या आकड्याचा अर्थ आहे.

स्कॉटलंडने मात्र १८८९ मध्येच किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या आत ट्रॉल ओढायला मनाई केली होती. जवळजवळ शंभर वर्षे हा पट्टा छोट्या होड्यांचा राहिला. पण १९७० च्या दशकात हेरिंग कोसळली. उत्तर समुद्रातली तिची मासेमारी १९७७ मध्ये बंद करावी लागली. मोठ्या बोटींना दुसरे उत्पन्न हवे होते. १९८४ च्या कायद्याने तीन मैलांची मनाई उठली आणि ट्रॉलर व स्कॅलप शिंपले खरवडणाऱ्या बोटी थेट खाड्यांपर्यंत आल्या. खरवडणाऱ्या बोटी लोखंडी दातांच्या चौकटी तळावरून ओढतात.

स्कॉटलंडमधल्या क्लाइडच्या आखातातल्या अ‍ॅरन बेटावर याचे परिणाम सर्वांत आधी पाणबुड्यांनी पाहिले. हॉवर्ड वुड आणि डॉन मॅकनीश हे दोघे छंद म्हणून पाण्यात बुडी मारणारे. ज्या तळावर त्यांनी पूर्वी दाट जीवसृष्टी पाहिली होती, तिथे वर्षागणिक ओरखडे आणि चिखल दिसू लागला. बेटावरच्या लॅमलॅश गावात गळाने मासे धरण्याची मोठी स्पर्धा भरत असे. मासेच मिळेनात म्हणून ती १९९० च्या दशकात बंद पडली. मॅकनीश यांनी न्यूझीलंडमध्ये मासेमारीला पूर्ण बंदी असलेले सागरी राखीव क्षेत्र पाहिले होते. तशीच एक जागा आपल्या गावासमोर असावी, एवढ्या कल्पनेवर दोघांनी १९९५ मध्ये ‘कोस्ट’ नावाची संघटना सुरू केली. त्यांच्यापाशी पैसा नव्हता आणि दोघांपैकी कोणी शास्त्रज्ञही नव्हता. त्यांच्या हाती पाण्याखालचे फोटो होते आणि गावातल्या प्रत्येक घराशी ओळख होती. सभागृहात लोकांना जमवून ते हे फोटो दाखवत, मग सरकारी कार्यालयात जात, नकार घेऊन परत येत आणि पुन्हा फोटो काढायला पाण्यात उतरत. यात तेरा वर्षे गेली.

सप्टेंबर २००८ मध्ये लॅमलॅशच्या उपसागरातले २.६७ चौरस किलोमीटर पाणी सर्व प्रकारच्या मासेमारीला बंद झाले. लोकांनी मागून मिळवलेले स्कॉटलंडमधले हे पहिले असे क्षेत्र. तिथल्या तळावर ‘माएर्ल’ नावाच्या गुलाबी, दगडासारख्या कठीण शैवालाचे थर आहेत. त्यांची वाढ वर्षाला एखादा मिलिमीटर, म्हणजे लोखंडी दातांनी पाच मिनिटांत मोडलेले भरून यायला शतके लागतात. या थरांच्या फटींत स्कॅलपची पिल्ले वाढतात, म्हणूनच शिंपले धरणाऱ्यांच्या धंद्यालाही त्यांची गरज आहे. बंदीनंतर यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी वारंवार मोजणी केली, तेव्हा आतले स्कॅलप संख्येने वाढलेले आणि शेवंडी आकाराने मोठ्या झालेल्या दिसल्या. २०१४ मध्ये बेटाच्या दक्षिणेचा बराच मोठा भाग संरक्षित झाला आणि २०१६ मध्ये तिथे ट्रॉल व खरवडणीवर निर्बंध आले. सापळे लावणाऱ्या छोट्या होड्यांना त्या पाण्यात जागा राहिली. वुड यांना २०१५ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

पाणबुड्यांच्या कॅमेऱ्याची ताकद पुढे स्कॉटलंडच्याच लॉक कॅरन या खाडीतही दिसली. तिथे ज्वालेसारख्या केशरी झालरीच्या शिंपल्यांची प्रचंड वसाहत आहे. एप्रिल २०१७ मध्ये स्कॅलपच्या बोटीने तिच्यावरून खरवडणी केली. त्या जागी तेव्हा याला मनाई नव्हती. स्थानिक पाणबुड्यांनी उद्ध्वस्त तळाचे चित्रण केले, ते लोकांसमोर आले आणि सरकारने महिन्याभरात आपत्कालीन अधिकार वापरून ती खाडी संरक्षित केली.

अ‍ॅरनला कायदा मिळवायचा होता. इटलीतल्या टस्कनीच्या किनाऱ्यावर गोष्ट वेगळी होती. तिथे कायदा होता आणि तो रोज रात्री मोडला जात होता. इटलीत किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या आत किंवा ५० मीटरहून उथळ पाण्यात ट्रॉल ओढता येत नाही. युरोपीय संघाने २००६ मध्ये असाच नियम सगळ्या भूमध्य समुद्रासाठी केला. या उथळ पट्ट्यात पोसिडोनिया नावाच्या समुद्री गवताची कुरणे असतात. मासे त्यात अंडी घालतात, पिल्ले त्यात लपतात. त्यामुळे बेकायदा ट्रॉलरला सगळ्यात सोपी आणि भरघोस पकड तिथेच मिळते. दिवे मालवून अंधारात आत यायचे, तासा-दोन तासांत जाळे भरायचे आणि उजाडायच्या आत बाहेर पडायचे.

तालामोने या छोट्या बंदरातला मच्छीमार पाओलो फान्चुल्ली याने हे १९८० च्या दशकापासून पाहिले. रात्री लावलेली त्याची जाळी सकाळी फाटलेली मिळत आणि मासळी वर्षागणिक कमी येई. तक्रारींचा उपयोग होत नव्हता. मग त्याने इतर मच्छीमार आणि पर्यावरणवादी कार्यकर्ते सोबत घेऊन पोर्तो सांतो स्तेफानो या बंदराची वाट होड्यांनी अडवली. वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर त्याचे नाव झाले. पण मासळीचा बाजार ज्यांच्या हाती होता त्यांनी त्याचा माल घेणे बंद केले. रोजच्या लिलावावर जगणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा नाही. फान्चुल्लीने वाट बदलली. तो पर्यटकांना होडीवर घेऊन जाऊ लागला, जाळे कसे टाकतात ते दाखवू लागला आणि आपली मासळी थेट गिऱ्हाइकाला विकू लागला. समुद्राखाली काय चालले आहे, हेही तो त्यांना सांगे.

२००६ मध्ये सरकारी मदतीने तालामोनेसमोर काँक्रीटचे ठोकळे समुद्रात सोडले गेले. ट्रॉल त्यात अडकावा हा हेतू; पण ते फार विरळ पडले आणि ट्रॉलरवाल्यांना त्यांच्यामधून वाट सापडली. फान्चुल्लीच्या मनात आले की अडथळाच उभा करायचा तर तो कुरूप काँक्रीटचा कशाला? कलाकुसरीचा का असू नये? कारारा इथे मायकेलअँजेलोच्या नावाने ओळखली जाणारी संगमरवराची खाण आहे. तिचे मालक फ्रांको बारात्तीनी यांच्याकडे त्याने दोन शिळा मागितल्या. बारात्तीनी यांनी शंभर दिल्या.

मग शिल्पकार पुढे आले. ब्रिटिश शिल्पकार एमिली यंग यांनी ‘रडणारा रक्षक’ यासह प्रचंड चेहरे कोरले. इटालियन शिल्पकारांनीही आपापले काम मोबदला न घेता दिले. काही शिल्पांचे वजन दहा टनांच्या पुढे आहे. लोकवर्गणीतून क्रेन आणि तराफ्यांचा खर्च निघाला. २०१५ मध्ये पहिली शिल्पे तळाशी गेली, त्यानंतर आणखी गेली आणि काही वर्षांत त्यांची संख्या ३९ वर पोहोचली. या उपक्रमाचे नाव ‘माशांचे घर’. तळावरून आंधळेपणाने ओढलेले जाळे आता संगमरवरावर अडकून फाटते आणि बेकायदा फेरीचा सौदा महाग पडतो. शिल्पांवर शैवाल चढले, गवत पसरले, मासे राहायला आले. कोणाला ही कलाकाराची लहर वाटेल, पण त्यामागे तीस-एक वर्षांच्या संघर्षातून आलेली समज आहे. गस्तीची बोट रोज येत नाही, दगड मात्र जागचा हलत नाही.

किनाऱ्यापासून दूर, अटलांटिकच्या खोल पाण्यात असा पहारा शक्य नव्हता. उथळ पाण्यातली मासळी घटल्यावर फ्रान्स आणि स्पेनचे ट्रॉलर हजार-दीड हजार मीटर खोल जाऊ लागले होते. तिथे अंधारात, थंडीत सगळे संथ वाढते. ऑरेंज रफी हा मासा शंभर वर्षांहून अधिक जगतो आणि उशिरा वयात येतो. असे मासे धरणे म्हणजे मुद्दलच खाणे. फ्रान्समधल्या क्लेर नूव्हियाँ यांनी २००५ मध्ये ‘ब्लूम’ ही संस्था काढली आणि खोल समुद्रातल्या ट्रॉलिंगच्या हिशोबवह्याच उघड्या केल्या. इतका इंधनखर्च करणारी ही मासेमारी सरकारी अनुदानाशिवाय उभी राहू शकत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये पेनेलोप बाज्यू या चित्रकर्तीने हा सगळा प्रकार सोप्या चित्रकथेत मांडला. ती फ्रान्सभर पसरली आणि ब्लूमच्या मागणीपत्रावर लाखो सह्या झाल्या.

तरीही १० डिसेंबर २०१३ रोजी युरोपीय संसदेत बंदीचा प्रस्ताव ३२६ विरुद्ध ३४२ मतांनी पडला. पण लोकमताचा भार संसदेबाहेर पडलाच. पुढच्याच महिन्यात, मोठा मासेमारी ताफा असलेल्या एका फ्रेंच दुकानसाखळीने ८०० मीटरखाली ट्रॉल न ओढण्याचे जाहीर केले. जिने या धंद्यात पैसा ओतला होता, तीच मागे सरल्यावर फ्रेंच सरकारच्या बंदीविरोधातही दम राहिला नाही. डिसेंबर २०१६ मध्ये युरोपीय संघाने ८०० मीटरपेक्षा खोल ट्रॉलिंग बंद केले. सप्टेंबर २०२२ मध्ये प्रवाळ आणि स्पंजांची ८७ नाजूक क्षेत्रे तळाच्या सर्व प्रकारच्या मासेमारीला बंद झाली. त्यांचे क्षेत्रफळ १६,००० चौरस किलोमीटरहून जास्त आहे.

ब्लूमचा पुढचा लढा विजेच्या धक्क्यांनी मासे उठवणाऱ्या ट्रॉलविरुद्ध होता. युरोपात वीज वापरून मासेमारीला १९९८ पासून मनाई होती. २००७ पासून अपवाद म्हणून मोजक्या बोटींना परवानगी मिळाली. नेदरलँड्सने ८४ परवाने दिले, म्हणजे अपवादाचा ताफाच झाला. उत्तर फ्रान्स आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे छोटे मच्छीमार सांगत होते की या बोटी येऊन गेल्यावर पाणी रिकामे होते. जानेवारी २०१८ मध्ये युरोपीय संसदेने २३२ विरुद्ध ४०२ मतांनी बंदीच्या बाजूने कौल दिला आणि १ जुलै २०२१ पासून ती पूर्ण लागू झाली. या प्रकरणाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. विजेचा ट्रॉल जड साखळ्यांच्या ट्रॉलपेक्षा कमी डिझेल जाळतो आणि तळाला कमी खरवडतो, हे शास्त्रीय पाहण्यांत दिसले होते. डच मच्छीमारांनी त्यासाठी कर्ज काढले होते आणि बंदीने त्यांचे मोठे नुकसान झाले. छोट्या होडीवाल्यांची तक्रार मात्र मासळीची वाटणी कोणाच्या पदरात पडते याबद्दल होती. तिचे उत्तर डिझेलच्या बचतीत सापडणारे नव्हते.

तोवर युरोपच्या नकाशावर संरक्षित सागरी क्षेत्रांच्या रेषा वाढत गेल्या होत्या. त्या रेषांच्या आत काय होते, ते डिसेंबर २०१८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आले. तपासलेल्या ७२७ संरक्षित क्षेत्रांपैकी ५९ टक्के क्षेत्रांत ट्रॉलिंग चालू होते, आणि त्याची तीव्रता संरक्षण नसलेल्या पाण्याच्या निदान १.४ पट होती. यात बेकायदा काही नव्हते. नियमच तसे केलेले होते. ज्या तळाच्या रक्षणासाठी रेघ ओढली त्याच तळावर ट्रॉल ओढायचा परवाना द्यायचा, ही युरोपच्या सागरी धोरणातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट होती.

ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने याला दिलेले उत्तर तालामोनेच्या जातीचेच होते, फक्त त्याला सरकारची संमती नव्हती. २००८ मध्ये जर्मनीच्या सिल्ट बेटाजवळच्या संरक्षित खडकाळ तळावर त्यांनी मोठाले ग्रॅनाइटचे दगड सोडले. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांचे जहाज उत्तर समुद्रातल्या डॉगर बँकेवर गेले. हा वाळूचा विशाल उंचवटा हिमयुगानंतरपर्यंत कोरडी जमीन होता. तिथे वाळूत लपणाऱ्या सँडईल या बारीक माशांवर कॉड, सील आणि समुद्रपक्षी जगतात. कार्यकर्त्यांनी क्रेनने एकेक दगड उचलून तिथे सोडला. फेब्रुवारी २०२१ मध्ये हाच प्रकार इंग्लंडच्या ब्रायटनपासून दूर समुद्रात झाला. मच्छीमार संघटनांनी कडक विरोध केला. तळाशी अडकलेले जाळे बोट उलथवू शकते आणि दगड टाकणारे खलाशांच्या जिवाशी खेळतात, असे त्यांचे म्हणणे होते. हा आक्षेप पोकळ नव्हता. ब्रिटनच्या सरकारी सागरी यंत्रणेने विनापरवाना समुद्रात वस्तू टाकल्याबद्दल ग्रीनपीसवर खटला भरला, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये तो सोडून दिला. त्याच यंत्रणेने १३ जून २०२२ पासून डॉगर बँकेच्या ब्रिटिश भागातील संरक्षित क्षेत्रात तळावरची ओढीव जाळी बंद केली.

फेब्रुवारी २०२३ मध्ये युरोपीय आयोगाने सुचवले की सदस्य देशांनी २०३० पर्यंत सगळ्या संरक्षित क्षेत्रांतून तळाचे ट्रॉलिंग हटवावे. ही सूचना बंधनकारक नव्हती आणि फ्रान्ससह अनेक देशांच्या मच्छीमारांनी तिच्याविरुद्ध आवाज उठवला. ग्रीसने एप्रिल २०२४ मध्ये अथेन्सच्या परिषदेत ती सर्वांत आधी मान्य केली: राष्ट्रीय सागरी उद्यानांत २०२६ पर्यंत आणि उरलेल्या संरक्षित क्षेत्रांत २०३० पर्यंत बंदी. मे २०२५ मध्ये निसर्गपटांचे निवेदक डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचा ‘ओशन’ हा चित्रपट आला. त्यात ट्रॉलची साखळी तळावरून जाताना, धुरळा उठताना आणि मासे जिवाच्या आकांताने जाळ्यापुढे पळताना पाण्याखालून दिसतात. लॅमलॅशच्या सभागृहात मूठभर गावकऱ्यांनी जे फोटोंत पाहिले होते, ते आता लाखोंनी पडद्यावर पाहिले. पुढच्या महिन्यात ब्रिटिश सरकारने इंग्लंडच्या आणखी ४१ संरक्षित क्षेत्रांत, सुमारे ३०,००० चौरस किलोमीटर तळावर, अशी बंदी घालण्याचा प्रस्ताव मांडला आणि त्यावर मच्छीमारांसह सर्वांची मते मागवली.